खाडीला दोन तळ

ड्रेजरने गाळ उपसला की खोली मोजायची आणि आकड्यावर सही करायची, हे माझं काम. पावसाळा सरता सरता कोकणातल्या एका छोट्या बंदराच्या चॅनेलची मोजणी होती. करारातली खोली सात मीटर. इको साउंडरने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राने, मात्र एकाच जागी दोन तळ दाखवले. २०० किलोहर्ट्झच्या आवाजावर ६.१ मीटर, ३३ किलोहर्ट्झच्या आवाजावर ७.२. कंत्राटदाराच्या माणसाला फक्त ७.२ दिसले, बंदराच्या साहेबांना फक्त ६.१.

यंत्राबद्दल मला शंका नव्हती. आवाज तळाशी जाऊन परत यायला लागलेला वेळ, त्याचा निम्मा, गुणिले वेग, एवढंच गणित. पण वेगच फसवतो. २८ अंशांच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०५ मीटर, तेवढ्याच उबेच्या समुद्राच्या पाण्यात १५४०. पावसानंतर खाडीत वर गोडं पाणी, खाली खारं. म्हणून आधी प्रोब सोडून थराथराचा वेग घेतला, मग बार चेक केला. साखळीला लोखंडी पट्टी बांधून ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे आवाज सोडणाऱ्या-पकडणाऱ्या भागाखाली, दोन, चार, सहा मीटरवर धरायची आणि यंत्र तेच सांगतंय का बघायचं. बोटीवरचे सगळे कंटाळतात. मला दिवसभरातलं तेवढंच काम पूर्ण खात्रीचं वाटतं. पट्टी दोन्ही फ्रिक्वेन्सींवर बरोबर लागली.

म्हणजे दोन्ही आकडे खरे. वरची, २०० ची फ्रिक्वेन्सी पातळ रेंद्याच्या माथ्यावरूनच परतते, खालची, ३३ ची त्यातून आरपार जाऊन घट्ट थराला लागते. मधला मीटरभर ऐवज धड पाणी नाही, धड जमीन नाही. टायटॅनिक बुडाल्यावर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, फेसेंडेन या संशोधकाने हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला, त्याच प्रयोगात समुद्रतळाचाही. पुढे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँने क्वार्ट्झ वापरून पाणबुड्या शोधायची वाट काढली. सगळ्यांना टणक वस्तू हव्या होत्या. गाळाची कोणाला पडली होती?

बोट चालवणाऱ्या तांडेलाने न सांगताच खोली मोजायचं दोरीचं शिसं सोडलं. ते सावकाश बुडत ६.८ च्या आसपास थांबलं. तिसरा आकडा! “लिवा कायबी, माझी होडी जातंय,” तो म्हणाला.

रॉटरडॅममध्ये गाळाची घनता पाण्याच्या १.२ पट झाली की तिथे जहाजासाठी तळ धरतात. आमच्या करारात नुसतं ‘खोली’. कोणत्या फ्रिक्वेन्सीची, हे लिहायचं निविदा करणाऱ्याला सुचलं नाही. तो बहुधा कधी बोटीत बसलाच नसावा. मी अहवालात दोन्ही रेषा दिल्या. कार्यालयातून फोन आला, “फॉर्मवर चौकट एकच आहे.”

मी ६.१ लिहिलं. कंत्राटदाराचं बिल अडलं. त्याने उपसा केला होता, हे ७.२ च्या रेषेवर स्वच्छ दिसत होतं. रेंदा नंतर वाहून आलेला. जहाजासाठी ६.१ लिहिणं मला पटतं. बिलासाठी तोच आकडा वापरला गेला, ते अजून पटत नाही.