ट्रम्पेटचा सा काळी पाच

जर्मनीत मूल चौथी संपवून मोठ्या शाळेत पाचवीला गेलं की बऱ्याच शाळा पालकांपुढे एक फॉर्म सरकवतात: 'ब्लेझरक्लासे'ला नाव घालायचं का? ब्लेझर म्हणजे कोट नव्हे. फुंकवाद्यं वाजवणाऱ्याला इथे ब्लेझर म्हणतात. नाव घातलं की पाचवी-सहावीची दोन वर्षं तो वर्गच बँड होतो. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि मागे एक-दोघं तालवाद्यांवर. आधी काही येत असण्याची गरज नाही. पंचवीस-तीस मुलं पहिल्या दिवशी एकत्रच बेसूर होतात, त्यामुळे कुणी एकटं लाजत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे फिरत फिरत सगळी वाद्यं तोंडाला लावून बघायची आणि मग तीन पसंत्या लिहून द्यायच्या. सगळ्यांना सॅक्सोफोन नाहीतर ड्रम हवा असतो, पण वाटप शिक्षकच करतात, आणि ते शरीर बघून. ट्रॉम्बोनची नळी शेवटपर्यंत सरकवायला हात लांब लागतो. क्लॅरिनेटची भोकं बोटांनी पुरती झाकली गेली नाहीत तर सूर किंचाळतो. दातांना तारा असतील तर ट्रम्पेटचा मुखभाग ओठाला टोचतो. एवढं होऊनही तिसऱ्या पसंतीचं वाद्य मिळालेलं मूल पहिले दोन महिने रुसलेलं असतं.

पेटीवर (हार्मोनियमवर) हात बसलेल्या पुणेकराला पुढची गंमत लगेच कळेल. या वाद्यांची पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, एक नसते. ट्रम्पेटवाला आपला 'सी' (पेटीवरची पांढरी एक) वाजवतो तेव्हा ऐकू येते काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. आल्टो सॅक्सोफोनच्या 'सी'ला काळी दोन. म्हणजे सगळ्यांनी कागदावरचा 'सी' वाजवला तर वर्गात कल्लोळ. म्हणून शिक्षक प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुराचं नाव पुकारतात आणि आपल्या वाद्यावर त्याला काय म्हणतात ते ज्याचं त्याने ओळखायचं. गायकाची पट्टी बदलली की सा हलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नव्याने समजवावं लागत नाही.

आठवड्याला साधारण दोन तास सगळ्यांचे एकत्र आणि एक तास त्या-त्या वाद्याच्या छोट्या गटाचा. गटाला शिकवायला बहुधा गावच्या सरकारी संगीतशाळेतले शिक्षक येतात. वाद्य भाड्याने मिळतं. भाडं, विमा, शिकवणी मिळून महिन्याला 30-40 युरोंच्या आसपास धरा. सरकारी मदतीवर असलेल्या घरांतल्या मुलांना अशा उपक्रमांसाठी महिना 15 युरो मिळतात, उरलेल्याचं काय करायचं हे शाळा बघते. जर्मनीच्या ऱ्हूर भागात 2007 मध्ये 'प्रत्येक मुलाला एक वाद्य' अशी प्राथमिक शाळांची योजना आली, त्यात तुर्कांचं साझसुद्धा होतं. 2015 पासून तिच्या नव्या रूपात नाच आणि गाणंही आहे. सगळं गोड मात्र नाही. प्राथमिक शाळांना संगीताचे प्रशिक्षित शिक्षक पुरत नाहीत, आणि मग वर्गशिक्षिका तो तास जमेल तसा उरकते किंवा गणिताला देऊन टाकते. ओळखीचं वाटलं ना?

गाण्याने गणित सुधारतं का, हा पालकसभेतला हमखास प्रश्न. याचं मूळ बऱ्याच अंशी 1993 च्या एका छोट्या प्रयोगात आहे. तो मुलांवर नव्हे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत गुण थोडे वाढले आणि पंधराएक मिनिटांत तो परिणाम ओसरला. एवढ्या भांडवलावर शाळेतलं संगीत विकू नये. तीस जणांत आपला सूर ऐकणं, शेजाऱ्याच्या सुराला जुळवून घेणं, आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजत गप्प बसणं, एवढं त्या तासाला येतं. ते शिकवणारा दुसरा तास वेळापत्रकात नाही.

पुण्यात गाण्याला तोटा नाही. सवाईचा मांडव आहे, गल्लोगल्ली क्लास आहेत, ढोल-ताशाची पथकं आहेत. शाळेत मात्र गाणं उरतं समूहगान स्पर्धेच्या निवडक पंधरा गळ्यांपुरतं, आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी बाहेर दिलेल्या परीक्षांपुरतं. गाणं वर्गात शिकवायची गोष्टच नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्यांना गायक विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण करून द्यावी. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात.

ट्रम्पेट नकोतच. पन्नास मुलं, एक पेटी, एवढ्यावर भागतं. पण चूक बहुतेकदा पट्टीतच होते. सर आपल्या गळ्याला सोयीची काळी एक धरतात आणि खाली गातात. मुलांचा गळा त्यांच्यापेक्षा एक सप्तक वर. ती सरांची नक्कल करायला जातात, सूर घशात अडकतो आणि 'याला सूरच नाही' असा शिक्का बसतो. मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या खाली नेऊ नये. पेटीत खर्ज (खालच्या सप्तकातला) आणि नर (मधल्या सप्तकातला) असे दोन सूर असतील तर खर्ज बंद ठेवावा, नाहीतर कान तिकडेच ओढले जातात. सरांनी स्वतः न गाता एखाद्या सुरेल मुलीला पुढे उभं करावं.

आता जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फची युक्ती. त्याच्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरून म आणि नी या पट्ट्या काढून ठेवतात. उरलेल्या पाचांत शेजारी-शेजारी अर्ध्या सुराचं अंतर कुठेच राहत नाही, त्यामुळे चुकीची पट्टी वाजली तरी कानाला टोचत नाही. तो आपला भूप रागच. पेटीवर यासाठी काही काढावं लागत नाही. काळी तीनला सा धरा आणि पांढऱ्यांना हात लावू नका. काळी तीन, चार, पाच म्हणजे सा रे ग, आणि त्याखालच्या काळी एक-दोन म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातले) प-ध. काळी एकपासून पाचपर्यंतचा हा पल्ला मुलांच्या गळ्याला नेमका बसतो. एकाने तीन-चार सुरांचा तुकडा वाजवायचा, वर्गाने तोच 'आ' म्हणत परत गायचा. तुकडा चार मात्रांपेक्षा लांब झाला की मागची बाकं सुटतात.

तालासाठी वेगळं काही नको, मैदानावरचं लेझीम आहेच. फक्त मोजणी मोठ्याने करून घ्या. अर्ध्या तासात दहा मिनिटं ताल, पंधरा मिनिटं असे तुकडे, उरलेल्यात एखादं गाणं. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा दोनदा अर्धा तास बरा. शेजारच्या वर्गाला चाचणी नसेल असा तास आधी मागून घ्यावा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात तक्रार येते.

आणि पेटी मे महिनाभर कपाटात राहू देऊ नका. भात्याला झुरळं-उंदीर लागतात, आणि जूनच्या पहिल्या पावसात लाकूड फुगून पट्ट्या खालीच अडकून बसतात. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी ती बाहेर काढून प्रत्येक पट्टी एकदा दाबून बघावी.