साईटवरच्या नोटिसा मला वाचता याव्यात म्हणून पालिकेत घातलेले साडेचार महिने

मी पूर्ण अंध आहे, रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी राहतो, लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम. तो फुकट आहे, मराठी वाचतो, पण समोर अक्षरं असली तरच.

गेल्या पावसाळ्यात रेड अलर्ट होता. खाडीकाठच्या लोकांनी कुठल्या शाळेत जायचं त्याची नोटीस पालिकेच्या साईटवर आली होती. मी उघडली तर "लिंक, ग्राफिक" आणि पुढे नुसते आकडे. २२ जुलै २०२१ चं चिपळूणचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल तेव्हा पोटात कसा गोळा येतो ते. शेजारच्या मुलाने वाचून दाखवली, पण दुसऱ्याच दिवशी मी अर्ज दिला.

पोच घेतल्याशिवाय हलू नका, हे आधीच सांगतो.

पंधरा दिवसांनी फोन आला, साईट दिव्यांगांसाठी झाली म्हणून. बघतो तर वर अक्षर लहानमोठं करायची बटणं आणि रंग बदलायचं एक बटण. ज्यांना थोडं दिसतं त्यांना उपयोग असेल, मला काय? पुन्हा गेलो, घरपट्टी भरतानाचा कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टाकायची ती, आणि फॉर्ममधली नाव नसलेली बटणं दाखवली, ती ठेकेदाराने आठवड्यात नीट केली.

अडलं ते पीडीएफवर. नोटिसा, ठराव, अगदी दिव्यांगांच्या पाच टक्के निधीचा अर्जसुद्धा कॉम्प्युटरवर टाईप करायचा, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा आणि स्कॅन करून साईटवर टाकायचा. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात वाचण्यासारखं काहीच उरत नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल. क्लार्क म्हणायचे, सहीशिवाय टाकली आणि उद्या कोणी आक्षेप घेतला तर? ते खरंही होतं. पण वर म्हणाले, "वाचून दाखवायला घरात कोणी असेल ना?" हे मला अजून बोचतं. माझं उत्पन्न, माझा खाते नंबर, निधीचा अर्ज, हे मी दरवेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी का भरायचं?

शेवटी कॉम्प्युटरवाल्या मुलीने मूळ वर्ड फाईल शोधून दिली. मला वाटलं सुटलं! पण फाईल जुन्या फॉन्टमधली, दिसायला मराठी आणि आत इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, एनव्हीडीए तेच बरळत बसला. युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, कन्व्हर्ट केली तर रफार भलतीकडे, 'सर्व'चं 'सवर्', 'कार्यालय'चं 'कायार्लय'. दोन संध्याकाळी आम्ही बसलो, मी ऐकायचो आणि "काका, हे बरोबर आलं का?" विचारत ती दुरुस्त करायची, मध्ये लाईट गेली तर यूपीएस ओरडेपर्यंत. डोळ्याने वाचताना सुटलेल्या चुका कानाला लगेच टोचतात.

आणि पालिकेतल्या साहेबांनी एका दिवसात होकार दिला तो कशावर, तर सहीचा स्कॅन साईटवरून हटवा असं म्हणायचं मी सोडलं. स्कॅन राहू दे, त्याच पानावर स्कॅनच्या वर नोटीस टाईप करून टाका, एवढंच म्हटलं. पहिल्याच दिवशी हे सुचलं असतं तर साडेचार महिने वाचले असते, म्हणून तुम्ही तसंच मागा.

अर्जात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ लिहा, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय तेही. सरकारी साईट कशी असावी याचे केंद्राचे नियम आहेत, जीआयजीडब्ल्यू म्हणतात, ते ठेकेदाराला दाखवा. नाहीच ऐकलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. अजून एक, साहेबांसमोर माऊस काढून ठेवायचा आणि फक्त टॅब दाबत घरपट्टी भरून दाखवा म्हणायचं, दहा पानी अर्जाने होत नाही ते तिथे होतं.

आता नवीन नोटिसा मी घरी बसून ऐकतो. जुने ठराव अजून स्कॅनच आहेत, त्यांचा अर्ज मंगळवारी देतोय.