सूचना क्रमांक पाच

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी ओटा पुसते, चष्मा शोधते आणि उद्या चर्चमध्ये वाचायच्या सूचना लिहायला बसते. गेली नऊ वर्षं हे काम माझ्याकडे आहे. नेमणूक झाली ती अक्षरामुळे. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालंय. आधीचे सेक्रेटरी रेल्वेत होते. त्यांचं अक्षर त्यांना सोडून कुणालाच लागायचं नाही. एकदा त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याने वही वाचली आणि ‘प्रीतिभोजन’ आहे की ‘प्रेतभोजन’ यावर मंडळीत पाच मिनिटं खल झाला. पुढच्या रविवारी वही माझ्या हातात आली.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, लहान. अकरा घरं, सगळी मिळून चाळीसेक माणसं, तीही हॉस्टेलवरची पोरं सुट्टीला आली तर. पूर्णा जंक्शनला भाड्याच्या माडीवर उपासना होते. खाली हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते रविवारीही उघडं असतं, त्यामुळे विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना मधेच पत्रा कापल्याचा आवाज येतो. नव्या माणसाला दचकायला होतं. आम्ही तेवढ्यापुरते थांबतो आणि तिथूनच पुढे म्हणतो.

मराठवाड्यात ल्युथरन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतला एक पंथ, म्हणून सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे कॅथलिक का?’ मला हसू येतं, कारण लग्नाआधी मीही साधारण एवढीच हुशार होते. माझं माहेर जालन्याचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याच दुसऱ्या पंथाचं, वळण आमच्या आजोबांपर्यंत आलेलं. घरात रेव्हरंड टिळकांची भजनं, पेटी, झांजा. सासरी आले तर दारातच एक जण ‘सलाम’ म्हणाला आणि दुसरा तेलुगूत ‘वंदनालु’. दोघांनाही काय उत्तर द्यावं ते न कळून मी वाकून नमस्कार केला.

आमच्याकडे हे ल्युथरनपण रेल्वेने आलं. 1842 मध्ये हायर नावाचे अमेरिकन मिशनरी गुंटूरला उतरले, त्यांच्या कामातून आंध्रात ल्युथरन मंडळ्या उभ्या राहिल्या. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामय्यांचे, आजोबा त्यातलेच. पुढे 1966 साली दक्षिण मध्य रेल्वे झाली, मुख्यालय सिकंदराबादला, आणि नोकरीच्या ऑर्डरी घेऊन तेलुगू पोरं आमच्या लायनीवर येऊ लागली. मामय्या मीटरगेजवर फायरमन म्हणून लागले. कोळशाचं इंजिन, हातावर भाजल्याचे डाग, आणि ट्रंकेत तेलुगू बायबल. त्यांनी आणि आणखी चार जणांनी क्वार्टरच्या व्हरांड्यात प्रार्थना सुरू केली, ती आमची मंडळी. त्या काळची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातल्या निम्म्या सूचना एकाच मजकुराच्या: अमुक बंधूंची रात्रपाळी असल्याने उपासना सायंकाळी 5 वाजता होईल. पुढे बदली, बदली, सेवानिवृत्ती, बदली. मीटरगेज गेलं, माणसं पांगली. राहिली ती इथेच सोयरीक जमलेली, इथेच प्लॉट घेतलेली. त्यांची पोरं आता सोयाबीनच्या भावावर बोलतात आणि तेलुगूत फक्त रागावतात.

पाळकसाहेब दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी येतात, कारण त्यांच्याकडे अशा आणखी मंडळ्या आहेत. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी, त्याच रविवारी. उपासनेची वेळ दहाची, पण खरी वेळ गाडी ठरवते. गाडी लेट असली की आम्ही गाणी म्हणत बसतो, एक तेलुगू, एक मराठी. एकदा चौदा गाणी झाली. पंधरावं सुरू करणार तोच जिन्यात चपला वाजल्या आणि पेटीवाल्याने आपसूक ‘आमेन’चा सूर धरला.

टेबलावरच्या कापडाचं खातं गार्डअण्णांकडे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ल्युथरन रीतीत प्रत्येक काळाला रंग असतो: नाताळाला आणि पुनरुत्थानाला पांढरा, त्याआधीच्या तयारीच्या दिवसांत जांभळा, आणि पावसाळा धरून जो लांबलचक साधा काळ येतो त्याला हिरवा. लाल वर्षातून फार थोडा, पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला आणि 31 ऑक्टोबरच्या धर्मसुधारणेच्या सणाला. अण्णांचा हिशेब सरळ आहे. हिरवा म्हणजे लाइन क्लिअर, उपदेश किती का लांबेना. लाल दिसला की ते पाळकसाहेबांना म्हणतात, ‘आज जरा लौकर थांबा, सिग्नल लागलाय.’

उपदेश चांगलाच असतो, माझी तक्रार नाही. पण खरं सांगते, लोक सावरून बसतात ते सूचनांना. उपदेशात यरुशलेम असतं, करिंथ असतं. सूचनांत आपण असतो.

लग्नाच्या पुकारेचंच बघा. तीन रविवार मी वधूवरांची नावं वाचते आणि शेवटी विचारते की या विवाहास कुणाची काही हरकत असल्यास कळवावे. वाक्य नुसतं रीतीचं. तरी प्रत्येक वेळी माडीवर अशी शांतता पसरते की पंख्याची करकर ऐकू यावी. बायका हळूच मागे वळून पाहतात. एकदा खरंच हात वर झाला. अण्णांचा. नवऱ्यामुलाच्या आईचा चेहरा पांढरा पडला. अण्णा उभे राहिले, खाकरले, म्हणाले, ‘हरकत आहे. त्या दिवशी आपल्या लायनीवर ब्लॉक आहे. वऱ्हाड येणार कशानं?’ तारीख बदलली.

आजाऱ्यांची यादी हा वेगळाच विषय. त्यात मागच्या रांगेतल्या आजींचं नाव सहा वर्षं होतं, गुडघ्यांसाठी. मग नांदेडला ऑपरेशन झालं, आजी काठी टेकत का होईना माडी चढू लागल्या. मी सरळ मनाने यादीतून नाव कमी केलं आणि उपकारस्तुतीच्या यादीत घातलं. त्या दिवशी आशीर्वाद झाल्याबरोबर आजी माझ्यासमोर उभ्या.

‘माझं नाव कामून काढलं?’

‘आजी, तुम्ही बऱ्या झालात ना.’

‘बरी झाले म्हणून काय मेले का? गुडघे न्हाई तर डोळे हायत. डोळे न्हाई तर पोरगा हाय, त्याला अजून बायको न्हाई. नाव राहू दे तिथंच.’

तिथंच म्हणजे तिसऱ्या नंबरावर. आजही ते तिसऱ्या नंबरावर आहे. मधे पोरांनी म्हणून पाहिलं, मॅडम, सूचना ग्रुपवर टाका ना, वाचायच्या कशाला. दोन रविवार टाकल्या. आशीर्वादानंतर कुणी उठेना. सगळ्यांनी शनिवारीच फोनवर वाचलेलं, तरी बसून. शेवटी आजींनीच विचारलं, ‘आज बातम्या न्हाईत का?’ मी पर्समधून फोन काढून वाचल्या.

दरवर्षी 31 ऑक्टोबर आला की पाळकसाहेब पोरांना गोष्ट सांगतात. 1517 साल, विटेनबर्ग गाव, मार्टिन ल्युथर नावाचा संन्यासी आणि विद्यापीठातला प्राध्यापक, पापक्षमेची पत्रं विकण्याविरुद्धची त्याची 95 कलमं आणि चर्चचं दार. खिळे ठोकले की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याच दिवशी मेंझच्या आर्चबिशपांना त्याने पत्र पाठवलं एवढं पक्कं. पण मला त्या गोष्टीत वेगळंच आवडतं. ते दार म्हणजे त्या विद्यापीठाचा नोटीस बोर्ड. अमुक विषयावर चर्चा आहे, यावं, असं लिहून तिथे लावायची पद्धत होती. म्हणजे आमचा सगळा पंथ एका सूचनेपासून सुरू झाला म्हणायचा! लॅटिनमधली सूचना, पुढे तिचं जर्मन झालं, छापली गेली, आणि गावोगाव पोचली. त्याने 95 लिहिल्या; मी सातव्यालाच जांभया देते. आणि पहिलं कलम कसलं, तर पश्चात्ताप हा एका दिवसाचा नसतो, विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं.

ल्युथरचंच आणखी एक पुस्तक आमच्या घरात फार चालतं, लहान प्रश्नोत्तरी, 1529 ची. त्याआधी त्याने मंडळ्यांना भेटी दिल्या, तेव्हा लोकांना साध्या दहा आज्ञा येईनात. म्हणून त्याने घरातल्या वडीलधाऱ्याने पोरांना विचाराव्या अशा बेताने ती लिहिली. एकेक आज्ञा म्हणायची आणि लगेच प्रश्न, ‘याचा अर्थ काय?’ मामय्यांना लहानपणी हे छडीच्या धाकाने पाठ करावं लागलं. ते आता एक्याऐंशीचे आहेत आणि त्या छडीचा सूड माझ्यावर उगवतात. रविवारी जेवायला बसलो की पप्पु-भात कालवत सुरू होतात.

‘अमुक बंधू सहकुटुंब गावी गेल्याने दोन रविवार येणार नाहीत. याचा अर्थ काय?’

‘गावी गेलेत, मामय्या.’

‘चूक. वर्गणीवरून पेटीवाल्याशी वाजलंय. पुढचं. अमुक बहिणीची कन्या माहेरी आली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी. याचा अर्थ काय?’

याचा अर्थ मी सांगत नाही, त्यांनाही माहीत असतो. मग ते ताटात बघत जेवतात.

आणि मग येते सूचना क्रमांक पाच. ती तीन वर्षांपासून तीच आहे. ‘मंडळीचे मोठे वगराळे, दांड्यावर मं. अक्षर कोरलेले, कोणाकडे चुकून गेले असल्यास परत आणावे.’

त्याचं असं झालं. दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाची उपकारस्तुती असते. ज्याचं जे पिकलं ते तो आणतो. सोयाबीन, तूर, वसमतकडची हळद, अर्धापूरची केळी, ज्याच्याकडे शेत नाही त्याने बाल्कनीतल्या कुंडीतल्या मिरच्या. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव. त्या वर्षी एक गावरान अंडं शंभराला गेलं. घेणाऱ्याने ते परत टेबलावर ठेवलं, दीडशेला गेलं, पुन्हा ठेवलं. असं करत अंड्याने 1,140 रुपये मिळवले आणि शेवटी एका पोराच्या खिशात फुटलं. मग पंगत. वरण वाढायला ते वगराळं, पितळी, जड, फायरमन मंडळींनी पहिल्या बोनसमधून घेतलेलं. संध्याकाळी भांडी मोजली तर तेवढंच कमी.

भांड्यांचं सगळं शिलाईवाल्या अक्का पाहायच्या. कुणी काही म्हटलं नाही. आमच्यात कुणी काही म्हणत नाही, सगळे फक्त प्रार्थना करतात. पण दर रविवारी मी पाचवी सूचना वाचायचे आणि चार-पाच माना अक्कांच्या बाजूला वळायच्या. पुढच्या वर्षी पंगतीला अक्का वाढायला उठल्या नाहीत. कंबर दुखते म्हणाल्या. मी त्यांचं नाव आजाऱ्यांच्या यादीत घातलं, आजींच्या खाली, चौथं. मामय्यांनी त्या दिवशी घास थांबवून विचारलं, ‘कंबर दुखते, याचा अर्थ काय?’ मी म्हटलं, कंबर दुखते म्हणजे कंबर दुखते, शिवणकाम करतात त्या.

परवा गुरुवारी दिवाळीची झाडलोट काढली. माळ्यावरून मोठा डबा उतरवला, ज्यातून त्या वर्षी उरलेला भात घरी आणला होता. तो मी तेव्हाच घासून, जुन्या चादरीत गुंडाळून वर टाकला होता, असं मला तीन वर्षं वाटत होतं. उघडला तर आत ते होतं. हिरवट पडलेलं. दांड्यावर ‘मं.’, अनुस्वाराचा टिंब ठोकताना थोडा बाजूला सरकलेला. मी ते चिंच लावून घासलं. लख्ख झालं. मग पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, पुन्हा उघडून पाहिलं.

मामय्या दारात उभे होते. किती वेळचे, कोण जाणे. त्यांनी वगराळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. पण विचारलं नाही त्यांनी काही, चहा मागितला.

आज शनिवार. उद्या चौथा रविवार, पाळकसाहेब येणार, गाडी वेळेवर असल्याचं अण्णांनी आत्ताच कळवलंय. धर्मसुधारणेचा सण उद्याच धरायचा म्हणून लाल कापड इस्त्री करून ठेवलंय. सूचना लिहून झाल्यात. एक, पाळकांच्या प्रवासखर्चाची वर्गणी. दोन, बुधवारची महिला प्रार्थना अक्कांच्या घरी. तीन, आजारी: आजी तिसऱ्या नंबरावर, अक्का चौथ्या. चार, पुकार, दुसरी वेळ. सहा, पोरांची प्रश्नोत्तरीची परीक्षा. सात, जिन्यात चपला नीट ठेवाव्यात.

मधे दोन ओळींची जागा सोडलीय. तीनदा लिहून खोडलं. पहिल्यांदा लिहिलं ‘वगराळे सापडले आहे’. मामय्या झोपलेत म्हणून बरं.