एडफूचं देऊळ आतून बाहेर पाहावं

इजिप्तमधली नाइल, बोटीनं असवानहून लक्सरच्या वाटेवर. मुक्काम एडफू.

सकाळी बोट पश्चिम काठाला लागलेली असते आणि धक्क्यावर टांग्यांची रांग. देऊळ जवळच आहे, दहा-एक मिनिटांचा रस्ता. घोळ होतो तो भाड्यात. माणशी की गाडीमागे, एकेरी की जाऊन-येऊन, हे चढण्याआधी नक्की करावं आणि पैसे परत धक्क्यावर उतरल्यावरच द्यावेत. टांग्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवावा. परतताना बाहेर सगळे टांगे सारखेच दिसतात. घोडा हडकलेला किंवा जखमी असेल तर सरळ टॅक्सी करावी. मुलंसुद्धा त्या घोड्याकडे बघतच राहतात.

सगळ्या बोटींची माणसं साधारण एकाच वेळी देवळात शिरतात आणि पहिल्या चौकातच थबकतात. गाइडचं व्याख्यान तिथेच, ग्रॅनाइटच्या ससाण्याशेजारी फोटोची रांगही तिथेच. म्हणून घरच्यांना घेऊन न थांबता थेट गाभाऱ्यापर्यंत जावं. पहिला खांबांचा मंडप, मग दुसरा, मग नैवेद्याचं दालन, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्यापुढचं दालन. प्रत्येक दारापाशी जमीन किंचित चढते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. आपल्याकडे सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना जे अंगावर येतं, तेच इथे कितीतरी मोठ्या मापात आहे. गर्दीच्या रेट्यात हे अजिबात कळत नाही. आतली दालनं रिकामी असतात ती पहिली पंधरा-वीस मिनिटंच.

गाभाऱ्यात एकाच दगडातून कोरलेला, चकचकीत घासलेला देव्हारा उभा आहे. होरस, म्हणजे ससाण्याच्या रूपातला इथला देव, त्याची मूर्ती त्यात असे. हा देव्हारा दुसरा नेक्टानेबो या इजिप्शियन राजाचा, म्हणजे भोवतालच्या देवळाहून शंभरेक वर्षं जुना. देवळाचा पाया तिसरा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजानं इ.स.पू. 237 मध्ये घातला आणि काम पुरं झालं इ.स.पू. 57 मध्ये. मधे दक्षिण इजिप्तमध्ये बंड उसळलं आणि बांधकाम काही वर्षं रखडलं.

आता सावकाश बाहेर यावं आणि वर बघावं. छत जागोजागी काजळीनं काळं झालं आहे. भिंतींवरच्या देवांचे चेहरे, हात, पाय छिन्नीनं टोचून काढलेत. जवळ गेलं की एकेक घाव वेगळा मोजता येतो, आणि शेजारची चित्रलिपी मात्र शाबूत असते. जुन्या देवांची पूजा बंद पडल्यावर लोकांनी मूर्ती निकामी केल्या, अक्षरांच्या वाटेला सहसा गेले नाहीत. पुढे देऊळ वाळू-गाळात इतकं बुडालं की छतावर घरं उठली. 1860 च्या सुमारास फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएतनं ते उपसायला घेतलं. इतकं अखंड देऊळ आज दिसतं ते त्या गाळामुळेच.

कोरीवकामातला एक फरक मुलांना शोधायला सांगावा. आतल्या चित्रांना उठाव आहे, बाहेरची दगडात खोल कोरलेली आहेत. उघड्या उन्हात खोल रेषेत सावली धरते आणि आकृती लांबून वाचता येते. आतल्या मंद उजेडाला उठाव पुरतो.

देऊळ आणि तटाची भिंत यांच्यामधली अरुंद बोळ मात्र चुकवू नये. बहुतेक जण चुकवतात. पश्चिमेच्या भिंतीवर होरस हार्पूननं पाणघोडा मारतो आहे. तो पाणघोडा म्हणजे सेथ हा देव, होरसच्या वडिलांचा मारेकरी. पण काढलाय अगदी पिल्लाएवढा. चित्रातला शत्रूसुद्धा जिवंत होऊ शकतो असं मानत, म्हणून तो मुद्दाम लहान ठेवला. पूर्वेच्या बाजूला नाइलचं पाणी मोजायच्या विहिरीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. वयस्करांनी तिकडे जपून जावं, आणि दालनांचे उंबरठे उंचसखल असल्यानं चप्पल नको, बूट घालावेत.

कोपऱ्यातून हाक मारून कुणी "इकडे या, खास जागा दाखवतो" म्हटलं तर बक्षीस द्यावं लागणार हे धरून चालावं. सुट्ट्या नोटा खिशात असू द्याव्यात. तिकिटासाठी मात्र कार्ड जवळ ठेवावं, बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत.

36 मीटर उंचीच्या दर्शनी बुरुजांचा फोटो सगळ्यात शेवटी. तोवर टोळ्या बोटींकडे वळलेल्या असतात. फक्त बोट सुटायच्या वेळेआधी अर्धा तास हातात राखावा, कारण परतीच्या टांग्यांची गर्दीही एकदमच होते.