घरपट्टीची हरकत: सरपंचांच्या हातात काय असतं?

फेरआकारणीनंतर आमची घरपट्टी दुपटीच्या वर गेली. लातूर जिल्ह्यातलं लहान गाव आमचं. तिथं अशा वेळी माणूस सरळ सरपंचांच्या ओट्यावर जातो, तसा मीही गेलो. अण्णा म्हणाले, "कमी करून देतो म्हणलं तरी मला येत न्हाई बघ. हिशोब मुंबईहून ठरून येतोय."

मला ही टोलवाटोलवी वाटली. पण ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नियम पुढं ठेवले, तेव्हा पटलं. कर बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम 124नं मिळतो. राज्यघटनेतला अनुच्छेद 243-एचही म्हणतो की पंचायतींनी कोणते कर घ्यायचे ते राज्याच्या विधिमंडळानं ठरवावं. म्हणजे वसुलीची दवंडी गाव देणार, नियम राज्य करणार. पूर्वी चौरस फुटावर कर असायचा. 2015च्या अखेरीस शासनानं नियम बदलले आणि भांडवली मूल्य, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर कर, आलं. जागेचा आणि बांधकामाचा दर रेडीरेकनरमधून, म्हणजे शासनाच्या दरतक्त्यातून घ्यायचा, बांधकामातून वयाप्रमाणं घसारा (जुनेपणाची घट) वजा करायचा, मग वापराचा भारांक, म्हणजे वापराप्रमाणं ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. राहतं घर असेल तर 1, दुकान असेल तर 1.25. जे मूल्य येईल त्यावर हजारी काही पैसे कर. हे पैसे किती, तेवढंच ग्रामपंचायतीनं ठरवायचं, तेही शासनानं घातलेल्या किमान-कमाल मर्यादेत. माजी सैनिकांची घरपट्टी 2020 साली शासनानं माफ केली. निर्णय चांगलाच, पण खड्डा पडला तो गावाच्या तिजोरीत.

मग मी दराचा नाद सोडला आणि नमुना 8चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा काढला. सगळी गंमत तिथं होती. आमच्या घराचा मागचा भाग आजोबांच्या काळचं माळवद: दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडी सरं आणि पांढऱ्या मातीचा धाबा. 1993च्या भूकंपात एक भिंत फुगली, तिला टेकू दिलेला अजून आहे. पुढच्या दोन खोल्या मात्र स्लॅबच्या, अलीकडच्या. उताऱ्यावर सगळं घर आरसीसी, बांधकामाचं वर्ष एकच, आणि आमच्या एका खोलीतल्या किराणा दुकानाचा भारांक घरभर! मोजणीला आलेल्या पोरानं रस्त्यावरून स्लॅब बघितला असणार. आत कुणी आलंच नव्हतं.

यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची मुदत असते, ती संपायच्या आत अर्ज दिला. "कर जास्त वाटतो" असं लिहून काही होत नाही, असे ढीगभर अर्ज पडून होते. मी तीनच मुद्दे लिहिले: बांधकामाचा प्रकार, वय, वापर. सोबत माळवदाचे आतून काढलेले फोटो, जुन्या आकारणीचा उतारा आणि दुकानाच्या खोलीचं माप जोडलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हा शिक्का भांडून घ्यावा लागला तरी घ्यावा.

सुनावणीआधी भाऊसाहेब टेप घेऊन घरी आले. माळवदात शिरताना चौकट डोक्याला लागली, तेव्हा म्हणाले, "हे काय आरसीसी न्हाई बुवा." नोंद दोन भागांत झाली. माळवदाला मातीकामाचा दर आणि घसारा लागला, 1.25 फक्त दुकानाच्या खोलीला राहिला. कर जुन्यापेक्षा थोडा जास्तच आहे, पण तो हिशोबानं आहे. 30 सप्टेंबरच्या आत भरला म्हणून पाच टक्के सूटही मिळाली.

शेजारच्या चुलत्यांचंही असंच झालंय. त्यांच्या गोठ्याची नोंद गोदाम म्हणून आहे. त्यांचा अर्ज मुदतीनंतर गेला, म्हणून आता पंचायत समितीकडं अपील करायचं चाललंय. कागद मीच लिहून देतोय.