अर्ध्या हंगामाचे पाहुणे

फुटबॉलपटूंच्या कारकिर्दीचे तक्ते वाचायचा मला नाद आहे. लोक मॅच संपली की टीव्ही बंद करतात, मी मोबाइल उघडतो आणि गोल मारणाऱ्याने त्याआधी कुठेकुठे दिवस काढले ते शोधत बसतो. विश्वचषक, सुवर्णबूट वगैरे खालच्या भागात असतं आणि ते सगळ्यांना पाठ असतं. मला गोडी वरच्या ओळींची. तिथे काही क्लबांच्या नावाआधी एक बारीकसा बाण काढलेला असतो. त्या बाणाचा अर्थ, पोरगा इथे लोनवर होता. मालक दुसरा, जर्सी यांची, मुक्काम चार-सहा महिन्यांचा.

इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन याच्या तक्त्यात असे चार बाण आहेत. मालक क्लब लंडनचा टॉटनहॅम. लेटन ओरिएंट, 18 सामने, 5 गोल. मिलवॉल, 27 सामने, 9 गोल. नॉरिच, 5 सामने, गोल नाही. लेस्टर, 15 सामने, 2 गोल. जानेवारी 2011 ते मे 2013 या काळात चार गावं, 65 सामने आणि 16 गोल. पुढे याच माणसाने टॉटनहॅमसाठी 280 गोल केले आणि इंग्लंडचा गोलांचा सर्वकाळचा विक्रम मोडला हे माहीत नसतं, तर हे आकडे बघून कुणीही म्हणालं असतं, बरा आहे, दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पोटापुरतं खेळेल. आज समालोचक हीच कहाणी शिडीसारखी सांगतात, एकेक पायरी चढत गेलेला गुणी मुलगा म्हणून. आकडे पुन्हा वाचा. मिलवॉलनंतर ती शिडी सरळ खाली उतरते.

पहिली पायरी तरी घराजवळची होती. केन वॉल्थमस्टोचा, म्हणजे पूर्व लंडनचा. शाळा चिंगफर्डची, लहानपणीचा क्लब रिजवे रोव्हर्स. डेव्हिड बेकहॅमचीही शाळा तीच आणि क्लबही तोच. आठव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीने घेतलं आणि हंगाम संपताच नको म्हटलं. अंगाने जरा गुबगुबीत होता म्हणे. अकराव्या वर्षी टॉटनहॅमने ठेवून घेतला आणि सतरा वर्षांचा असताना लेटनला धाडला, जे वॉल्थमस्टोच्या अगदी शेजारचं. ओरिएंटच्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांत फ्लॅटच्या इमारती आहेत आणि काहींच्या बाल्कनीतून मॅच फुकट दिसते. तिकीट न काढता केनचा पहिला गोल पाहिलेलं एखादं कुटुंब तिथे राहत असेल, असं मला उगाच वाटतं. तो गोल 22 जानेवारी 2011 चा, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. ओरिएंट 4-0 ने जिंकलं. पुढे एक लाल कार्डही मिळालं. तिसऱ्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये सतरा वर्षांच्या पोराला तिशीतले सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, कोपराने काय काय शिकवतात, ते अकादमीच्या गुळगुळीत हिरवळीवर शिकवता येत नाही.

आणि लोनची सगळी कल्पनाच ती. मोठ्या क्लबकडे पोरं भरपूर, जागा अकरा. राखीव संघात खेळून हात-पाय हलतात, पण भीती मरत नाही. मग पोरगं लहान क्लबला द्यायचं. पगार कुणी किती द्यायचा ते ठरवून घ्यायचं. कधी वर फी लागते, आणि कधी पोराला बाकावर बसवलं तर ती वाढते अशीही मेख असते. मध्येच परत बोलावण्याचं कलम असतं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये, तर लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळूच शकत नाही. त्या दिवशी त्याला सुट्टी. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसं या व्यवहारात अपेक्षित असतं: दिला त्यापेक्षा पोरगा थोडा भरलेला परत यावा. येतोच असं नाही. वाटी कधी फडताळात तशीच राहून जाते, कधी टवका उडून परत येते.

बेकहॅमचीच गोष्ट घ्या. 1995 मध्ये मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसननी त्याला प्रेस्टनला पाठवलं तेव्हा युनायटेडला आपण नको झालो, असं त्याला वाटलं होतं. तिथे तो पाचच सामने खेळला आणि पहिल्याच सामन्यात थेट कॉर्नरवरून गोल करून बसला. पाच सामन्यांत काम झालं. असं भाग्य विरळा. जॉर्डन पिकफर्ड, आज इंग्लंडचा गोलकीपर, सहा क्लबांच्या गोलमध्ये उभा राहून आला, त्यातले पहिले दोन तर वरच्या चार डिव्हिजनच्या लीगच्याही बाहेरचे. टॉटनहॅमचाच अँड्रॉस टाउनसेंड 2009 ते 2013 या चार वर्षांत नऊ ठिकाणी फिरला. नऊ! घरी आईने पत्ता लिहायची वही वेगळी केली असेल.

केन आणि मिलवॉलचं मात्र जमलं. दक्षिण लंडनमधला हा क्लब, आणि त्याच्या प्रेक्षकांना आपण कुणाला आवडत नाही याचाच अभिमान. जानेवारी 2012 मध्ये केन तिथे गेला तेव्हा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या बेतात होता. जे लोक स्वतःच्या कर्णधारालाही सोडत नाहीत त्यांच्यासमोर अठरा वर्षांच्या पाहुण्याने नऊ गोल केले, संघ वाचला, आणि वर्षाचा उत्कृष्ट युवा खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. मिलवॉलने आपल्याला पोराचा पुरुष केलं, असं तो पुढे सांगत आला आहे. मला ते पटतं. तिथे खेळणाऱ्यांची नोकरी पणाला लागलेली होती. डिव्हिजन गेली की पगार कापले जातात, घराचे हप्ते थकतात. केनला परतायला टॉटनहॅम होतं, बाकीच्यांना कुठे होतं?

त्या जानेवारीत टॉटनहॅमहून मिलवॉलला एकटा केन आला नव्हता. सोबत रायन मेसन होता, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याच्याकडे नंतर येतो.

नॉरिचबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. टीव्हीवर स्वयंपाक शिकवून घराघरात पोचलेल्या डीलिया स्मिथ तेव्हा या क्लबच्या मालकांपैकी एक. ऑगस्ट 2012 मध्ये केन तिथे गेला, म्हणजे पहिल्यांदाच प्रीमियर लीगमधल्या संघाकडे लोनवर. वेस्ट हॅमविरुद्ध बदली म्हणून आला, गोलकीपर समोर एकटा होता, संधी घालवली. मग डॉनकॅस्टरविरुद्ध पायाचं हाड मोडलं. बरा होईपर्यंत वर्ष संपलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टॉटनहॅमने परत बोलावलं आणि तीन आठवड्यांच्या आत लेस्टरला रवाना केलं. तेव्हा खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांना खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत संपल्यावरही तातडीचं लोन घेता येत असे. ती सोय 2016 नंतर बंद झाली. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहा: एका हंगामात तीन ड्रेसिंग रूम, आणि कुठल्याच खुंटीवर नाव नीट सुकलेलं नाही.

लेस्टरला तो बहुतेक वेळ बदलीच राहिला. बाकावर शेजारी जेमी वार्डी, त्याच मोसमात दहा लाख पौंडांना लीगबाहेरच्या फ्लीटवुडकडून घेतलेला आणि गोल होत नाहीत म्हणून प्रेक्षकांच्या शिव्या खाणारा. दोघांचा तिथे बसलेला फोटो आता जगभर फिरतो. तीनच वर्षांनी, 2015-16 मध्ये, लेस्टर इंग्लंडचं विजेतं झालं, वार्डीचे लीगमध्ये 24 गोल झाले आणि केनचे 25. गंमत अशी की तो फोटो आज बघताना सगळ्यांना त्यात भविष्य दिसतं. तेव्हा त्यात दोन गारठलेले राखीव खेळाडू होते, एवढंच.

केनने स्वतः नंतर लिहिलं आहे की लेस्टरच्या त्या फ्लॅटमध्ये त्याचा धीर सुटला होता. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जागा मिळत नाही, तर टॉटनहॅममध्ये कशी मिळणार, असा साधा हिशेब. घरचे भेटायला आले तेव्हा वडिलांना सांगून टाकलं, मला जायचंय. वडील म्हणाले, मेहनत करत राहा. वडील दुसरं काय म्हणणार! मग पोराने टॉम ब्रेडी या अमेरिकन फुटबॉलपटूवरचा माहितीपट पाहिला, ज्याला निवडप्रक्रियेत 199 वा क्रमांक मिळाला होता, आणि त्यातून उभारी घेतली. पुढे आपल्या एका कुत्र्याचं नाव त्याने ब्रेडी ठेवलं. या उभारीच्या गोष्टीवर माझा अर्धाच विश्वास आहे. असा माहितीपट बाकावर बसलेल्या हजार मुलांनी पाहिला असेल. त्यातल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या कुत्र्यांची नावं कुणी विचारत नाही.

जे महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आहे. क्लबला त्याला पुन्हा लोनवर पाठवायचं होतं. त्याने नकार दिला. टॉटनहॅमने तेव्हा गॅरेथ बेलला रेआल माद्रिदला विकलं होतं आणि पैसा हातात होता, स्ट्रायकर म्हणून सोल्दादोला 2 कोटी 60 लाख पौंड मोजून आणलं होतं. अशा वेळी 2 गोलांचा लेस्टरवाला पोरगा म्हणतो, मी इथेच राहणार. याला आत्मविश्वास म्हणायचं की हट्ट, हे निकालावर ठरतं. निकाल लागायला एप्रिल 2014 उजाडला. तेव्हाचा मॅनेजर टिम शेरवूडने संडरलंडविरुद्ध त्याला लीगमध्ये प्रथमच सुरुवातीपासून खेळवलं. गोल झाला, सामना 5-1. पुढच्या मोसमात सगळे मिळून 31 गोल.

म्हणून लोनने केनला घडवलं हे वाक्य मला पुरतं पचत नाही. मँचेस्टर सिटीच्या फिल फोडेनला मॅनेजर ग्वार्डिओलांनी लोनवर पाठवलंच नाही, जवळ ठेवून शिकवलं, आणि तोही घडला. उलट चेल्सीची एका वेळी चाळीसच्या आसपास पोरं बाहेर असायची. गोदामातला माल भाड्याने द्यावा तशी. फिफाने 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली, ती आता सहावर आली आहे, पण एकवीस वर्षांपर्यंतची आणि स्वतःच्या अकादमीत वाढलेली पोरं त्यात मोजत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी नियम हवा होता तीच बाहेर राहिली. लोनने एक नक्की होतं: पोराला आपण कोण हे लवकर कळतं. कळलेलं झेपतं की नाही, तो वेगळा भाग.

ओरिएंटला मात्र केन विसरला नाही. कोविडमध्ये लहान क्लबांची कंबर मोडली तेव्हा, 2020 मध्ये, त्याने ओरिएंटच्या तिन्ही जर्सींचं प्रायोजकत्व विकत घेतलं आणि त्यांवर स्वतःची जाहिरात न करता एकीवर आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांचे आभार, दुसरीवर दुर्धर आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसचं नाव, तिसरीवर मानसिक आरोग्याच्या संस्थेचं नाव छापलं. अठरा सामन्यांच्या मुक्कामाचं हे देणं. वॉल्थमस्टोत त्याचा पुतळाही उभा, नव्हे बसलेला आहे. मूळ बेत चिंगफर्ड स्टेशनचा होता, तो फिसकटला, पुतळा काही वर्षं पडून राहिला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचं अनावरण झालं. शिल्पकाराने केनला बाकावर बसवलं आहे. चेहरा जुळत नाही म्हणून लोकांनी यथेच्छ टर उडवली. बाकाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आता मेसन. त्याच्या तक्त्यात पाच बाण आहेत, त्यातला एक फ्रान्समधल्या लोरियांचा. तोही टॉटनहॅमच्या पहिल्या संघात पोचला, इंग्लंडकडून एक सामना खेळला. मग हल सिटी या क्लबला विकला गेला. जानेवारी 2017 मध्ये चेल्सीविरुद्ध हेडरसाठी उडी मारताना डोक्याला डोकं आपटलं, कवटी फुटली, आणि पुढच्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने खेळ सोडला. तो टॉटनहॅमलाच परतला, पोरांना शिकवायला. एप्रिल 2021 मध्ये मॅनेजर मोरिन्योला काढून टाकल्यावर क्लबने उरलेल्या मोसमापुरता संघ 29 वर्षांच्या मेसनच्या हाती दिला. प्रीमियर लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण मॅनेजर. सहाच दिवसांनी वेम्बलीवर लीग कपचा अंतिम सामना होता, मँचेस्टर सिटीविरुद्ध. मिलवॉलला एकाच जानेवारीत गेलेले दोघे, एक रेषेबाहेर कोट घालून, दुसरा आत स्ट्रायकर म्हणून. 82 व्या मिनिटाला सिटीच्या लापोर्तने हेडर मारला आणि टॉटनहॅम 0-1 हरलं.