लग्नाच्या सालची वाइन आणि सेंट एमिलियनची चढण

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. फ्रान्समधल्या बोर्दोजवळचं सेंट एमिलियन हे वाइनचं गाव बघायला जरूर जा, पण जुनी रेड वाइन तिथल्या हमरस्त्यावरच्या दुकानात घेऊ नका. आम्ही घेतली. १४५ युरो मोजले आणि ग्लासात जे आलं ते चिंचेच्या कोळाचं भांडं विसळल्यावर निघतं तसलं पाणी.

आमचं लग्न १९९७ चं. बोर्दोला चाललोच आहोत तर त्याच सालची एक बाटली आणू, ही कल्पना माझी. बायको म्हणाली, "अरे, तेवढ्यात मला एक पैठणी येईल." ऐकायला हवं होतं.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून टीजीव्ही ही वेगवान गाडी दोन तासांत बोर्दोला सोडते. तिथून सेंट एमिलियनला (तिथले लोक 'सँतेमिल्यों' म्हणतात) छोटी गाडी, पाऊण तासाच्या आत. गाड्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. स्टेशन गावात नाही, खाली मळ्यांत आहे. दीडेक किलोमीटर चाल. नकाशा वीस मिनिटं म्हणतो, पण सावलीबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्या नाशिककडे द्राक्षाचा मांडव असतो, खाली माणूस उभा राहतो. इथे वेली कमरेएवढ्या. सप्टेंबरच्या दुपारी दोन वाजता डोक्यावर टोपी नसेल तर हाल कुत्रा खात नाही.

खरी परीक्षा गावात. वरचं गाव आणि खालचं गाव जोडणाऱ्या उभ्या बोळांना 'तेर्त्र' म्हणतात. पायऱ्या नाहीत, नुसता दगडी उतार, आणि शेकडो वर्षं पावलांनी घासून दगड साबणासारखा गुळगुळीत झालेला. रायगड परवडला, तिथे निदान पायऱ्या आहेत. चढताना काही नाही, दम लागतो इतकंच. उतरताना हातात काचेची बाटली असली की एकेक पाऊल मोजून टाकावं लागतं. 'तेर्त्र द ला तांत' नावाचा बोळ मी एका हाताने भिंत धरून उतरलो. बायको पुढे जाऊन माझे फोटो काढत होती. रबरी तळाचे बूट घाला, वादच नाही. (एकाच खडकात कोरलेलं चर्च सुंदर आहे. ते तुम्ही बघालच.)

आता दुकान. काउंटरवरच्या माणसाला लग्नाचं साल सांगितलं, तिथेच आम्ही फसलो. "आ, कात्र-व्हँ-दी-सेत!" (म्हणजे सत्त्याण्णव) म्हणत त्याने थेट काचेच्या खिडकीतून बाटली काढली. उभी ठेवलेली, वर पिवळा दिवा, बाहेर ऊन. लेबलवर 'सेंट एमिलियन ग्रां क्रू'. मला वाटलं, ग्रां क्रू म्हणजे अव्वल दर्जा. तसं अजिबात नाही. तिथे 'ग्रां क्रू' हा जरा कडक नियमांचा शिक्का आहे, आणि तो शेकडो वाइनवर असतो. मानाची यादी वेगळी, तिच्यातल्या नावांपुढे 'क्लासे' हा शब्द लागतो. १९५५ साली ती सुरू झाली आणि अधूनमधून बदलते, शेवटची २०२२ ची. त्या एका शब्दाने माझे निदान शंभर युरो खाल्ले.

शिवाय १९९७ हे बोर्दोचं लेचंपेचं साल. त्या वर्षीची वाइन लवकर पिऊन टाकायची, पाव शतक सांभाळायची नव्हे. हे मला परतल्यावर कळलं. तुमच्या लग्नाचं, मुलाच्या जन्माचं साल वेलीला माहीत नसतं. १९९० किंवा २००० मध्ये लग्न केलं असेल तर तुमचं नशीब. १९९१ ते ९३ किंवा २०१३ वाल्यांनी सरळ केक आणावा.

बाटली बघायची कशी, ते आता शिकलोय. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात. वाइन मानेत किंवा मानेच्या मुळाशी असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या कडेला असेल तर पंचवीस-तीस वर्षांच्या बाटलीला चालतं. खांद्याच्या मध्यावर आली असेल, ज्याला दुकानदार 'मी-एपोल' म्हणतात, तर खाली ठेवून बाहेर पडा. आमची तिथेच होती. बुचातून वाइन उडाली तेवढी हवा आत शिरलेली. टोपणाखाली चिकट ओघळ दिसला तरी नको. लेबल डागाळलेलं असलं तर बिचकू नका, दमट तळघरातल्या बाटलीचं लेबल तसंच होतं. बाटली आतापर्यंत कुठे होती, हा एकच प्रश्न विचारायचा: "दू व्यँ सेत बुतैय?" उत्तरादाखल नुसते खांदे उडवले तर समजून जा.

उरलेली माती मी स्वतः केली. जुन्या रेडच्या तळाशी गाळ बसलेला असतो. ती बाटली मी तेर्त्रवरून, मळ्यातून, गाडीतून, ट्राममधून हलवत आणली आणि त्याच रात्री नऊला उघडली. साधा स्क्रू घातला, बूच मधोमध मोडलं, अर्धं आत पडलं. जुन्या बुचाला दोन पात्यांचा चिमटा लागतो: पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवायची आणि पिळत वर ओढायचं. आधी तो विकत घ्या, मग बाटली.

दुसऱ्या दिवशी चिडूनच बोर्दो शहरातल्या एका लहान दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी साल विचारलंच नाही. विचारलं, कधी पिणार आणि कशाबरोबर? तळघरातून आडव्या ठेवलेल्या मेदोकच्या (हा बोर्दोचाच एक वाइनचा भाग) दोन बाटल्या आणल्या, २००५ च्या, 'क्रू बुर्ज्वा' दर्जाच्या, प्रत्येकी ५२ युरो. २००५ कोरडं आणि दमदार साल, वीस वर्षांनी छान जमून येतं. इथे घ्या, एवढंच सांगतो.

एकाच दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी झाली तर कर परत मिळतो. पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा, आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमच्या 'पाब्लो' यंत्रावर त्याचा बारकोड दाखवायचा. बाटल्या हँडबॅगेत चालत नाहीत. मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध. आपल्याकडे माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम माफ आहे, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बिनघोर.

घरी आल्या आल्या उघडू नका. प्रवासाने ढवळलेली वाइन महिनाभर पडू द्या. आम्ही डिसेंबरात पुण्यात पहिली उघडली. दोन दिवस उभी ठेवली म्हणजे गाळ तळाशी जातो. 'रूम टेंपरेचर' हा शब्द थंड दगडी घरांतला आहे, आपल्या हॉलमधला नाही. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून सोळा-सतरा अंशांवर आणली. मग सरबताच्या काचेच्या जगमध्ये हळूहळू, एका धारेत ओतायची, मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून. धारेत काळा धागा दिसला की थांबायचं. तळची दोन बोटं वाइन फेकायची, तिथे जीव अडकवू नका.

मेहुण्याने तांबडा रस्सा आणायची तयारी दाखवली होती. त्याला फोनवरच थांबवलं. जुनी वाइन नाजूक, तिखटापुढे ती गप्प बसते. मीठ-मिरी-लसणाचं मटण केलं. वाइनच्या कडेला विटकरी छटा, वास तपकिरीच्या डबीचा, जुन्या लाकडी पेटीचा आणि नंतर नंतर ओल्या पाचोळ्याचा. मेहुणा पहिल्यांदाच अर्धा तास राजकारणावर बोलला नाही.

दुसरी बाटली आडवी ठेवली आहे, बायकोच्या पैठण्यांच्या कपाटात, कारण घरात तेवढाच कोपरा अंधारा आणि गार आहे. मार्चच्या आत संपवायची, अशी तिची अट आहे.